उघड्या दारातली प्रार्थना

पंडिता रमाबाईंवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे, पण त्यातले बरेचसे लेखन एका सोयीच्या वाटणीवर उभे आहे. काही लेखक त्यांचे समाजकार्य उचलतात. विधवांसाठी काढलेली शाळा, दुष्काळातून वाचवून आणलेल्या मुली, केडगावचे मुक्ती सदन यांचे भरभरून वर्णन करतात आणि धर्मांतराचा विषय आला की एवढ्या कर्तबगार बाईच्या आयुष्यातला एक अवघड प्रसंग म्हणून तो दोन वाक्यांत उरकतात. काही लेखक त्यांची साक्ष, त्यांच्या प्रार्थना आणि बायबलचे भाषांतर यांवर भर देतात. काम त्यांना श्रद्धेमागून आपोआप आलेले वाटते. दोघांच्याही मनातला आदर खरा आहे. तरी दोघांच्याही हाती रमाबाई अर्ध्याच लागतात.

या पुस्तकातील लेखांनी ही वाटणी मोडायचे मनावर घेतले आहे, म्हणून ही प्रस्तावना लिहिताना मला आनंद होतो. रमाबाईंनी कोणत्या मंडळीत उपासना केली, कोणते मतसार म्हटले, गळ्यात क्रूस घातला की नाही, या चौकशीतून त्यांच्या श्रद्धेबद्दल फारसे काही कळत नाही. त्यांनी दार कोणासाठी उघडले, पंगतीला कोणाला बसवले, गावाने टाकलेल्या कोणत्या बाईला ‘इथे राहा’ म्हणून सांगितले, हे पाहिले की ती श्रद्धा दिसू लागते. पण ते दार त्यांनी का उघडले, असे विचारले की ख्रिस्ताचे नाव टाळता येत नाही. श्रद्धा काढून काम तेवढे ठेवता येत नाही आणि काम मागे ढकलून श्रद्धेचा गौरवही करता येत नाही. पुढच्या सगळ्या लेखांकडे वाचकाने याच नजरेने पाहावे अशी माझी इच्छा आहे.

रमाबाईंचा कर्मकांडाशी झगडा ख्रिस्ती होण्याच्या कितीतरी आधी सुरू झाला होता. त्यांचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे गाढे पंडित होते. बायकोला संस्कृत शिकवले म्हणून त्यांना सनातन्यांना जाब द्यावा लागला होता, आणि पुढे त्याच माउलीने, लक्ष्मीबाईंनी, लेकीला शिकवले. कुटुंबाला एक गाव असे नव्हते. तीर्थक्षेत्रे करायची, देवळात किंवा नदीकाठी पुराण सांगायचे, मिळालेली दक्षिणा पुन्हा व्रते, दाने आणि ब्राह्मणभोजने यांत घालायची, असा सगळा क्रम. १८७० च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा हातचे द्रव्य, मग दागिने, मग भांडीकुंडी गेली. संकट टळावे म्हणून अनुष्ठाने वाढली आणि अन्न घटत गेले. शेवटी रानातली पाने खाण्याची वेळ आली. मजुरी करणे पंडिताच्या घराला शोभत नाही आणि भीक मागायला तोंड उचलत नाही, अशी कोंडी होती. तिचे वर्णन रमाबाईंनी पुढे स्वतःच केले आहे.

वडील गेले, काही आठवड्यांतच आई गेली, मग थोरली बहीण गेली. आईचे प्रेत उचलायला कोणी येईना. शेवटी दोन ब्राह्मणांना दया आली. तिसरा खांदेकरी भाऊ श्रीनिवास आणि चौथी रमाबाई. अंगाने ठेंगण्या असल्यामुळे त्यांच्या खांद्यापर्यंत तिरडी येईना, तेव्हा त्यांनी ती डोक्यावर घेतली आणि तशाच स्मशानापर्यंत चालत गेल्या. वय जेमतेम सोळा. पुढच्या सगळ्या आयुष्याचे कारण एका प्रसंगात शोधू नये हे मला मान्य आहे, पण रमाबाईंनी दुष्काळातल्या मुलींसाठी जे केले ते वाचताना ही डोक्यावरची तिरडी नजरेआड करता येत नाही. केडगावला प्रत्येक मुलीला हाताचे काम आलेच पाहिजे असा त्यांचा कटाक्ष होता, त्याचे मूळही इथेच आहे. केवळ विद्या माणसाला उपासमारीतून सोडवत नाही, हे त्यांनी घरात पाहिले होते.

भाऊ आणि बहीण पायी फिरत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी त्यांची परीक्षा घेऊन ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. हा भाग मराठी वाचकाला ठाऊक आहे, म्हणून मी पुढे सरकतो. भावाचा मृत्यू, बिपिन बिहारी मेधावी या बंगाली, ब्राह्मणेतर वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न, मुलगी मनोरमेचा जन्म, आणि लग्नाला दोन वर्षे होतात न होतात तोच कॉलऱ्याने पतीचे निधन. १८८२ मध्ये त्या पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणाबद्दल साक्ष दिली. पुढच्या वर्षी वैद्यकी शिकायला म्हणून इंग्लंडला गेल्या. ऐकू कमी येऊ लागल्याने वैद्यकी राहून गेली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज इथे त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

त्यांचे मन कशाने वळले? त्यांच्या स्वतःच्या सांगण्यात एका जागेचे नाव येते. वाँटेजच्या सेंट मेरी संघाच्या भगिनी त्यांना लंडनमधल्या फुलहॅम भागात घेऊन गेल्या. त्या काळच्या भाषेत ‘पतित’ म्हटल्या जाणाऱ्या स्त्रियांसाठी तिथे आश्रयगृह होते. रमाबाईंना धर्मशास्त्रे मुखोद्गत होती. अशा बाईला कोणते प्रायश्चित्त, कोणती शिक्षा, कोणता बहिष्कार हे त्यांना तोंडपाठ होते. इथे मात्र काही स्त्रिया अशा बायकांशी मायेने बोलत होत्या, त्यांना जेवू घालत होत्या, त्यांच्या हाताला काम देत होत्या आणि त्या पुन्हा माणसांत उभ्या राहतील यावर विश्वास ठेवत होत्या. हे सगळे कशासाठी, असे रमाबाईंनी विचारले तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. भर दुपारी विहिरीवर एकटी पाण्याला आलेली बाई. परक्या जातीची, पाच लग्ने झालेली. येशू तिच्याकडे पाणी मागतो आणि तिच्याशी देवाबद्दल बोलत बसतो. देवाची उपासना अमुकच डोंगरावर करावी की यरुशलेमातच करावी, हा त्या दोन समाजांतला जुना वाद. ती बाई तो काढते आणि येशू उपासनेची खूण जागेवरून काढून माणसाच्या अंतःकरणाशी नेऊन ठेवतो. तीर्थक्षेत्रे पायाखाली घातलेल्या रमाबाईंना ती गोष्ट कशी ऐकू आली असेल, याची कल्पना मराठी वाचक सहज करू शकेल.

इथे थोडे थांबून बायबलकडे पाहायला हवे, कारण ख्रिस्ती नसलेल्या वाचकाला वाटेल की विधींपेक्षा कृतीला मोठे मानणे ही रमाबाईंची सुधारकी पुस्ती आहे. तसे नाही. जुन्या करारातले संदेष्टे आमोस आणि यशया यांचा रोख हाच आहे: तुमचे उपास आणि यज्ञ बाजूला ठेवा, आधी गरिबाचा न्याय करा, भुकेल्याला भाकर द्या. येशूने दिलेल्या दाखल्यात वाटेत जखमी पडलेल्या माणसाला ओलांडून जातात ते याजक आणि लेवी, म्हणजे मंदिराच्या सेवेतली माणसे. आणि त्याच्या जखमा बांधतो तो ज्याच्या हातचे पाणीही यहुद्यांना चालत नसे असा शोमरोनी. मत्तयाच्या शुभवर्तमानात शेवटच्या न्यायाचे चित्र आहे. तिथे कोणी किती प्रार्थना केल्या याची विचारपूस होत नाही. उपाशी, तहानेला, उघडा, आजारी, तुरुंगात पडलेला, परका यांच्याशी तुम्ही कसे वागलात एवढेच विचारले जाते. याकोबाचे पत्र तर स्पष्टच बजावते की कृतीवाचून श्रद्धा निर्जीव असते. असे असूनही ख्रिस्ती समाजात बाह्याचाराचे ओझे शतकानुशतके साचत गेले. युरोपात साचले तसेच आपल्याकडेही साचले. देवळाच्या पुढच्या बाकांवर कोण बसणार, कोणत्या मंडळीचे प्रभुभोजन खरे, बाप्तिस्मा शिंपडून द्यावा की बुडवून, आणि आपल्या मातीतली जात मंडळीतही कशी टिकली, या सगळ्यांचा अनुभव मराठी ख्रिस्ती कुटुंबांना आहे. रमाबाईंनी जे केले ते या परंपरेच्या बाहेरून केलेले नाही. परंपरेच्या आत जे मूळचे होते त्याला त्यांनी हात घातला.

आणि त्यासाठी पहिली लढाई त्यांना ज्या भगिनींनी आईच्या मायेने सांभाळले त्यांच्याशीच द्यावी लागली. भगिनी जेराल्डिन ही रमाबाईंची धर्ममाता. या दोघींचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. एकोणिसाव्या शतकातल्या भारतीय स्त्रीने लिहिलेल्या इतक्या निर्भय धर्मचर्चा मला दुसऱ्या माहीत नाहीत. जेराल्डिनची तक्रार अशी की रमाबाई चर्चच्या अधिकाराला मान तुकवत नाहीत, इतर पंथांच्या उपासनांना जातात, त्र्यैक्याच्या सिद्धांतावर प्रश्न विचारतात. रमाबाईंचे उत्तर असे की पुरोहितांचे एक जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवले, आता दुसरे चढवून घ्यायचे नाही. बायबल वाचून देवाने दिलेल्या सदसद्विवेकबुद्धीला जे पटेल ते मी मानीन.

या पत्रांतल्या लहान गोष्टी मला जास्त बोलक्या वाटतात. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरे होती. रमाबाईंनी विचारले की लॅटिनच का. लॅटिनमध्ये असे काय आहे जे संस्कृतात नाही? संस्कृत देवांची भाषा आहे म्हणून त्या तिचा कैवार घेत नव्हत्या. ती आपल्या देशाची जुनी, सुंदर भाषा आहे, एवढ्यासाठी घेत होत्या. जेवणाच्या टेबलावर अंडे घातलेले पुडिंग त्या खात नसत. जेराल्डिनला त्यात जातीचा ताठा दिसला. बाप्तिस्मा घेतला म्हणजे इंग्रजी स्वयंपाकघराचाही स्वीकार करायला हवा, असे तिला मनापासून वाटत होते. रमाबाईंना ते पटले नाही. त्या शेवटपर्यंत शाकाहारी राहिल्या, पांढरे लुगडे नेसत राहिल्या, विधवेचे आखूड केस ठेवून राहिल्या. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात पुरुष विद्यार्थ्यांना भारतीय भाषा शिकवण्याची संधी त्यांना मिळणार होती, तेव्हा बाईने पुरुषांना शिकवणे भारतात गैर दिसेल म्हणून हिंदुस्थानातल्या बिशपांनी मोडता घातला. त्यावरचा रमाबाईंचा संताप पत्रांतून आजही तसाच जाणवतो. मनोरमेला धर्म कोणी आणि कसा शिकवायचा यावरूनही खटके उडाले. जेराल्डिनवर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगतो की तिची माया खोटी नव्हती. एवढ्या तीव्र मतभेदांनंतरही दोघींचा पत्रव्यवहार तुटला नाही, आणि ही पत्रे जपून ठेवली तीही तिनेच.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानाच्या निमित्ताने रमाबाई अमेरिकेत गेल्या. तिथे निरनिराळ्या पंथांच्या लोकांनी मिळून बोस्टनला त्यांच्या कामासाठी रमाबाई असोसिएशन काढली. अमुक एका पंथाची मोहोर आपल्या कामावर त्यांनी उमटू दिली नाही. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास आले.

आता त्या दाराची गोष्ट. शारदा सदनात धर्मशिक्षण द्यायचे नाही असे ठरले होते, आणि उच्चवर्णीय विधवांना आपले सोवळे-ओवळे पाळण्याची पूर्ण मुभा होती. त्यांचा स्वयंपाक वेगळा होत असे. रमाबाई स्वतः मात्र रोज आपल्या खोलीत मनोरमेला घेऊन प्रार्थना करीत आणि खोलीचे दार उघडे असे. मुली त्यांना आईसारख्या मानत. आई काय करते हे पाहायला त्या दारात येत, काही आत येऊन बसत. पुण्यातल्या हितचिंतकांना हे कळले तेव्हा त्यांनी सांगितले की दार लावून घ्या. रमाबाई म्हणाल्या, माझ्या घरात माझ्या देवाची प्रार्थना मी लपून करणार नाही. कोणाला बोलावणार नाही आणि आलेल्याला हाकलणारही नाही. प्रकरण चिघळले. ‘केसरी’ने झोड उठवली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारख्या त्यांच्याविषयी आदर बाळगणाऱ्यांनीही १८९३ मध्ये सल्लागार मंडळ सोडले, आणि पंचवीसच्या आसपास मुलींना पालकांनी काढून नेले.

रानड्यांची अडचण मला कळते. विधवांचे शिक्षण हेच तेव्हा अनेकांना सोसत नव्हते. त्यात धर्मांतराचा संशय मिसळला तर सगळीच सुधारणा बुडेल ही त्यांची भीती खोटी नव्हती. पण त्या उघड्या दाराची दुसरीही बाजू सांगितली पाहिजे. सदनात सुरुवातीलाच दाखल झालेल्या विधवांपैकी एक गोदूबाई. १८९३ मध्ये त्यांचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. मुरूडच्या गावकऱ्यांनी टाकलेला बहिष्कार त्या दोघांनी सोसला आणि पुढे याच गोदूबाई, लग्नानंतरच्या आनंदीबाई आणि सगळ्यांच्या बाया कर्वे, कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमासाठी दारोदार वर्गणी गोळा करत हिंडल्या. रमाबाईंच्या घरात राहून, ते दार रोज पाहून त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. त्यांनी तिथून जे घेतले त्यातून महाराष्ट्राला स्त्रीशिक्षणाची आणखी एक मोठी संस्था उभी राहायला हातभार लागला. आणि जोतीराव फुले यांनी १८८५ मध्येच ‘सत्सार’मधून रमाबाईंच्या धर्मांतराची बाजू घेतली होती. त्यांना प्रश्न नीट दिसला होता: शूद्रांना आणि स्त्रियांना माणूस म्हणून वागवणारा देव ही बाई शोधत होती, आणि तो तिला घरात मिळाला नव्हता.

रमाबाईंच्या श्रद्धेचा आतला प्रवासही या काळात थांबलेला नव्हता. १८९१ च्या सुमारास त्यांना एक गहिरा आध्यात्मिक अनुभव आला. त्याबद्दल त्यांनी पुढे फार प्रामाणिकपणे लिहिले: बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता. बाप्तिस्मा होऊन आठ वर्षे झाली होती. संस्था उभी राहिली होती, जगात नाव झाले होते. अशा वेळी ‘माझ्याकडे धर्म होता, देव नव्हता’ असे लिहायला जे धैर्य लागते ते फार थोड्या धर्मवंतांत असते.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातल्या बातम्या ऐकून रमाबाईंना राहवेना. त्या स्वतः तिकडे गेल्या. सरकारी मदतकेंद्रांत आणि अन्नछत्रांत हाडांचे सापळे झालेल्या मुली होत्या, आणि त्या मुलींच्या आसपास त्यांना हेरणारे पुरुष होते. पोटाची आग आणि अब्रू यांची किंमत एकाच जागी लावली जात होती. रमाबाईंनी मुली गोळा करायला सुरुवात केली, टोळ्याटोळ्यांनी त्यांना पुण्याकडे आणले. पुण्यात तेव्हा प्लेग. शहरात एवढी माणसे ठेवायला मनाई झाली, तेव्हा पुण्याच्या पूर्वेला रेल्वेलगत केडगावी घेतलेल्या शेतजमिनीवर तात्पुरती छपरे उभारून तीनशेच्या आसपास मुली ठेवल्या. ही ‘मुक्ती’ची सुरुवात. याच काळात प्लेगच्या सरकारी इस्पितळांत आणि छावण्यांत स्त्रियांचे जे हाल होत होते त्यांवर त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये उघड पत्र लिहिले आणि गव्हर्नरचा रोष ओढवून घेतला. राज्यकर्ते ख्रिस्ती आहेत म्हणून त्यांनी जीभ आवरली नाही, हे त्यांना सरकारधार्जिण्या म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

आलेल्या मुली कशा होत्या याची वर्णने वाचवत नाहीत. डोक्यात उवा, अंगावर खरूज आणि चिघळलेल्या जखमा, तोंड आलेले, अन्न दिसले की ओरबाडून लपवून ठेवण्याची सवय. काहींना शिवीखेरीज भाषा राहिली नव्हती. त्यांना न्हाऊ घालणे, केस कापणे, जखमा धुणे, पोटाला झेपेल एवढेच अन्न वेळेवर देणे, रात्री जवळ निजणे हे काम शारदा सदनात शिकलेल्या मुलींनी अंगावर घेतले. जरा थांबून याचा अर्थ पाहावा. या मुलींपैकी कित्येक ब्राह्मण घरांतल्या. काही वर्षांपूर्वी त्यांचा स्वयंपाक वेगळा होत होता, त्यांच्या सोवळ्याला धक्का लागू नये म्हणून सगळी व्यवस्था होती. आता त्यांच्या मांडीवर कोणत्याही जातीची, अस्पृश्य मानलेल्या घरांतलीही, लेकरे होती. यासाठी कोणी शुद्धीचा विधी केला नाही. मूल रडत होते आणि त्याला घ्यायचे होते. शारदा सदन ते मुक्ती सदन या वाटचालीत रमाबाईंच्या धर्माने जातीची चौकट ओलांडली ती इथे, आंघोळीच्या पाण्यात आणि खरजेच्या औषधात.

१९०० च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर मुक्तीतली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. इतक्या माणसांसाठी विहिरी खणल्या गेल्या. शेती, गुरे, विणकाम, तेलाचा घाणा, शिवण, छापखाना हे सगळे बायकाच चालवत. अंध मुलींसाठी बार्तीमी सदन होते; मनोरमाबाईंनी तिथे ब्रेल आणले. म्हाताऱ्यांसाठी प्रीती सदन होते. आणि कृपा सदन होते, ज्यांना पुण्यातल्याच काय, कोणत्याच गावातल्या कोणत्याही धर्माच्या माणसाने उंबऱ्याच्या आत घेतले नसते अशा, फसवल्या गेलेल्या, रोगाने पोखरलेल्या बायकांसाठी. फुलहॅमला त्यांनी जे पाहिले होते ते सोळा वर्षे मनात राहून भीमाकाठच्या मुलखात उभे राहिले. रमाबाईंच्या सगळ्या कामांत मला कृपा सदन सर्वांत मोठे वाटते. दुष्काळातल्या अनाथ मुलीला घरात घेतले तर जग निदान दया तरी म्हणते. कृपा सदनातल्या बाईला घेतले तर घेणारीच्या नावालाही डाग लागतो. तो लागणार हे जाणून त्यांनी दार उघडले, आणि मत्तयाच्या त्या न्यायाच्या चित्रात ज्यांची विचारपूस आहे त्यांच्यापैकी सर्वांत शेवटी उभी असलेली बाई आत आली.

या चित्रात एक अवघड बाजू आहे आणि या पुस्तकाने ती झाकलेली नाही याचे मला समाधान आहे. मुक्तीत प्रार्थना होती, खूप होती. १९०५ मध्ये तिथे मोठे आध्यात्मिक जागरण झाले. मुली तासन्‌तास मोठमोठ्याने प्रार्थना करीत, रडत, पापे कबूल करीत. त्याची बातमी जगभर गेली. बाप्तिस्मे झाले आणि मोठ्या संख्येने झाले. म्हणजे रमाबाईंना उपासनेचे वावडे होते असे कोणी या प्रस्तावनेतून समजू नये. त्यांचे वैर होते ते माणसाला उपाशी ठेवून पुण्य जमवणाऱ्या आचाराशी आणि विवेकबुद्धी गहाण टाकायला लावणाऱ्या अधिकाराशी. पहाटे उठून प्रार्थनेला बसणे आणि मग कोठीघरातल्या ज्वारीचा हिशेब पाहणे, यांत त्यांना दोन कामे दिसत नव्हती. पण प्रश्न उरतोच: जिचे आईबाप दुष्काळात गेले, जिला अन्न, वस्त्र, माया सगळे एकाच हातून मिळते आहे, ती मुलगी त्या हाताचा धर्म नाकारायला कितपत मोकळी असते? हा प्रश्न विचारणाऱ्याला रमाबाईंचा द्वेष्टा ठरवू नये. माझे मत मी सांगून टाकतो: शारदा सदनाच्या काळातले, कोणाला न बोलावणारे आणि कोणाला न हाकलणारे उघडे दार मला मुक्तीच्या वेळापत्रकातल्या सामुदायिक प्रार्थनेपेक्षा जास्त मोलाचे वाटते. या संग्रहातल्या एकदोन लेखकांना तसे वाटत नाही. त्यांचे लेख वाचकाने अवश्य वाचावेत.

शेवटच्या वर्षांत रमाबाईंनी बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. त्यासाठी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. पंडिता आणि सरस्वती या पदव्या मिळवलेल्या बाईने हे भाषांतर केले ते खेड्यातल्या, नुकत्याच अक्षर शिकलेल्या बाईला कळावे म्हणून. खिळे जुळवले ते मुक्तीच्या छापखान्यातल्या मुलींनी, म्हणजे ज्यांना काही वर्षांपूर्वी दुष्काळाच्या वाटेवरून उचलून आणले होते त्यांनी. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई गेल्या. ज्या मुलीवर पुढचा सगळा भार टाकायचा होता तीच आधी गेली. रमाबाई मुद्रिते तपासत राहिल्या, काम संपवले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला.

त्या एकट्या नव्हत्या, हेही सांगायला हवे. याच महाराष्ट्रात रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघेही ख्रिस्ताचे अनुयायी म्हणून एकत्र बसावेत ही त्यांची कल्पना होती. मिशनरी मंडळींना ती मानवली नाही. ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना आठवेल की टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या मनातून जातीची अढी आधी गेली आणि बाप्तिस्मा त्यानंतर झाला. मिरजेला डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये इस्पितळ उभे केले. आणि आपल्या काळाच्या जवळ यायचे तर १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य नगर जिल्ह्यातल्या जामखेडला गेले. गावानेच निवडून दिलेल्या, बहुतेक दलित आणि अक्षरओळख नसलेल्या बायकांना त्यांनी बाळंतपण, कुपोषण, जुलाब, कुष्ठरोग यांचे शिक्षण दिले आणि गावाचे आरोग्य त्यांच्या हाती सोपवले. ज्या बाईला गावात पाणी वरून वाढले जात होते, तिला लोक आपल्या सुनेच्या बाळंतपणाला बोलवायला येऊ लागले. १९७९ मध्ये या दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्या कामावर ख्रिस्ताच्या नावाची पाटी मोठी नव्हती, पण ते कशापायी तिथे गेले हे त्यांनी कधी लपवलेही नाही. या साऱ्यांवर स्वतंत्र पुस्तके व्हायला हवीत. या पुस्तकाने रमाबाईंपुरती मर्यादा घालून घेतली ती योग्यच केली.

वाचकाला एक सूचना. लेख कालक्रमाने लावलेले आहेत, पण पहिल्यापासूनच वाचले पाहिजेत असे नाही. रमाबाईंशी ज्यांची ओळख शाळेच्या पुस्तकातल्या एका धड्यापुरती आहे त्यांनी वाँटेजच्या पत्रांवरच्या लेखापासून सुरुवात करावी आणि तिथून सरळ कृपा सदनावरच्या लेखाकडे जावे. मधला कालावधी नंतर भरून काढता येईल. ख्रिस्ती वाचकांनी १८९३ च्या वादावरचा लेख टाळू नये, आणि ख्रिस्ती नसलेल्यांनी १९०५ वरचा. अवघड वाटेल, पण तिथे रमाबाईंशी मनातल्या मनात वाद घालावा. जेराल्डिनशी त्या ज्या तऱ्हेने वाद घालत त्यावरून वाटते की त्यांनाही ते आवडले असते.